केनियात मिशनकामासाठी जाताना : कागद, ताप, भाकरी आणि भाषा

नगरी_जोडपं

सर्वांना सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीतर्फे जानेवारीत पश्चिम केनियात, किसुमूपासून तासाभरावर, दोन वर्षांसाठी जायचं आहे. आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी. प्रार्थना, पाचारण, प्रवचन यावर सांगणारे भरपूर भेटले. आम्हाला हवंय ते रोजचं : काय न्यायचं, काय नाही, पहिल्या सहा महिन्यांत कुठे फसगत होते. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

टाचणी

आधी कागद, कारण तिकडे गेल्यावर सगळ्यात जास्त दिवस यातच जातात.

२०२४ च्या जानेवारीपासून केनियाने व्हिसा बंद करून ऑनलाइन ईटीए (प्रवासाची आगाऊ परवानगी) आणला. त्यावर देशात शिरता येतं, काम करता येत नाही. 'आम्ही पगार घेत नाही, म्हणजे काम नाही' हा युक्तिवाद इमिग्रेशनपुढे चालत नाही. संडेस्कूल शिकवणं हेही कामच. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी वेगळं परमिट असतं, क्लास 'आय'. अर्ज तिथली नोंदणीकृत यजमान संस्था करते, म्हणून संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि अर्जाची सद्यस्थिती आत्ताच मागा. तुमच्याकडून पासपोर्ट, फोटो, शिक्षणाचे दाखले आणि पोलीस क्लिअरन्स लागेल. क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, पण पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर तिथेच गाडी अडते.

दोघांपैकी एकाचंच परमिट आणि दुसऱ्याचा डिपेंडंट पास (परमिटधारकाच्या कुटुंबीयाला मिळणारा) अशी सोय बऱ्याच संस्था करतात. डिपेंडंट पासवर काम करता येत नाही. दोघंही शिकवणार असाल तर दोघांची परमिटं वेगळी काढा. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं असल्याने परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करून ओळखपत्र घ्यावं लागतं. बँक खातं, करखात्याचा पिन, घरभाड्याचा करार यांत ते पदोपदी मागतात.

भारतातलं काम : बँकेला कळवून बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं खातं) करून घ्या. आणि मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. निघण्याआधी इथूनच आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून ठेवा, म्हणजे ओटीपी तिकडे येतील. तिकडे पोचल्यावर रोमिंग चालू करायला जो ओटीपी लागतो, तो त्याच बंद नंबरवर येतो!

थर्मामीटर

टाचणीताईंनी (की दादांनी?) यलो फीव्हरचं लिहिलं नाही, ते आधी. ही लस केनियापेक्षा परतीसाठी जास्त लागते. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत वैध प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, मग घरी लग्न असो की मयत. लस फक्त सरकारमान्य केंद्रांतच घ्या. एका कुपीत अनेक डोस असल्याने बरीच केंद्रं ठरावीक वारीच देतात. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. त्यावरचा पासपोर्ट नंबर जागेवरच तपासा. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा वय साठच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मुलीला गोवर-गालगुंडाची लस बाकी असेल तर दोन्ही जिवंत लसी एकाच दिवशी, नाहीतर चार आठवड्यांच्या अंतराने.

आता हिवताप. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर, तिथे धोका कमी. किसुमू १,१०० मीटरच्या आसपास आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, म्हणजे हिवतापाच्या ऐन पट्ट्यात. आपल्याकडे लोक 'मलेरिया झाला, चार दिवसांत उठला' म्हणतात, कारण इथे व्हायवॅक्स हा त्यातल्या त्यात सौम्य प्रकारही पुष्कळ आहे. तिकडे बहुतांशी फाल्सिपेरम, हिवतापाचा जीवघेणा प्रकार. तो दोन-तीन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो, आणि लहानपणापासून झेलून आलेली स्थानिक प्रौढांची प्रतिकारशक्ती तुमच्याकडे नाही. शेजारी तापात शेतावर गेला म्हणून तुम्ही थांबून पाहायचं नाही. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला तर दुसऱ्या दिवशी परत.

उपचारात आर्टेमेथर-लुमेफँट्रिन. पस्तीस किलोच्या वरच्या माणसाला एका वेळी चार गोळ्या, एकूण सहा वेळा : पहिल्या डोसनंतर आठ तासांनी दुसरा, मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. मुलीचा डोस वजनावर ठरेल. गोळी दूध किंवा तेल-तुपाच्या घासाबरोबरच घ्या, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. आणि ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नका. अर्धवट राहिलेली पाकिटं घराघरांत सापडतात, तिथेच घोटाळा होतो.

सायंतारा

आमच्याकडे जुने लोक आठवड्याला क्लोरोक्विन घ्यायचे. स्वस्त पडतं. तेच नेलं तर?

थर्मामीटर

नाही. तिथल्या फाल्सिपेरमवर क्लोरोक्विनचा उपयोग होत नाही. प्रतिबंधासाठी तीन पर्याय : ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज, डॉक्सिसायक्लिन रोज, मेफ्लोक्विन आठवड्याला एकदा. डॉक्सी आठ वर्षांखालच्या मुलांना सहसा देत नाहीत, म्हणजे तुमच्या मुलीसाठी बाद. त्यात ऊनही पटकन लागतं. मेफ्लोक्विनने काहींना वाईट स्वप्नं पडतात, मन सैरभैर होतं. मानसिक आजाराचा किंवा फिट्सचा इतिहास असेल तर नकोच.

दोन वर्षं रोज गोळी घ्यायची का, यावर डॉक्टरांतही एकमत नाही. निदान पहिले काही महिने आणि पावसाळ्यांत घ्यावी असं माझं मत. पाऊस तिथे दोनदा : मार्च ते मे मोठा, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा.

खिळेमोळे

मच्छरदाणीबद्दल कोणीच बोललं नाही. औषध मुरवलेली, चौकोनी घ्या. गोल घुमटाची दिसायला छान, पण झोपेत हात-पाय जाळीला टेकतात आणि डास बाहेरूनच चावतो. चौकोनीला चार हुक लागतात. भिंतीत ते असतीलच असं नाही, म्हणून चार हुक, चार स्क्रू-प्लग आणि दहा मीटर सुतळी सोबत ठेवा. कड गादीखाली खोचायची, नुसती लोंबती नको. साध्या साबणाने, तीन महिन्यांतून एकदाच धुवा. ब्लीच नको, आणि वाळवायची सावलीत, उन्हात औषध मरतं. साधारण वीस धुण्यांनंतर किंवा तीन वर्षांनी बदला.

वीज २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे आपला मिक्सर, इस्त्री, चार्जर तसेच चालतात. फक्त पिना वेगळ्या, ब्रिटिश पद्धतीच्या तीन चपट्या. ॲडाप्टरची माळ लावण्यापेक्षा तिथे पोचल्यावर प्लगच बदलून घ्या. मिक्सरसारख्या ओढ असलेल्या यंत्रावर स्वस्त ॲडाप्टर वितळतो. बऱ्याच घरांत वीज प्रीपेड असते : पैसे भरले की वीस आकडी टोकन येतं, ते मीटरवर दाबायचं. शनिवारी रात्री युनिट संपायची वाट पाहू नका.

गॅसचा आपला रेग्युलेटर तिथल्या सिलिंडरला बसत नाही, नेऊ नका. सहा किलोचं सिलिंडर आणि त्यावरच बर्नर, त्याला 'मेको' म्हणतात, सुरुवातीला तेवढं पुरतं. कोळशाची शेगडी म्हणजे 'जिको'. ती थंडीत खोलीत घेऊन दार लावून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भाकरतुकडा

चला, माझ्या प्रांतात आलो. :)

पहिलं, पॅकिंग. आपलं सगळं सामान पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि दंड लाखो शिलिंगांत आहे. मसाले स्टीलच्या डब्यांत, चटण्या कंपनीच्या मूळ सीलबंद पाकिटांत, कपडे कापडी पिशव्यांत. तुळस, कढीपत्ता, बी-बियाणं नेऊ नका, त्याला वनस्पती-तपासणीचा परवाना लागतो.

न्यायलाच हवं ते : प्रेशर कुकर आणि त्याच्या दोन जादा रिंगा, दोन सेफ्टी व्हॉल्व्ह. उंचीवर पाणी लवकर उकळतं (नैरोबीत सुमारे ९४ अंशांना) पण डाळ शिजत नाही. राजमा उघड्या भांड्यात तीन-तीन तास रटरटतो आणि कोळसा खातो. लोखंडी तवा. गोडा मसाला. बाकी धने, जिरं, हळद, डाळी केनियात मिळतात. भारतीय वस्ती शतकाहून जुनी आहे, किसुमूतही दुकानं आहेत.

बाजारातली ओळख करून घ्या, निम्मं परकेपण तिथेच जातं. 'विंबी' म्हणजे नाचणी. तिची पातळ 'उजी' म्हणजे आपली आंबीलच. 'म्टामा' म्हणजे ज्वारी, पण बहुधा लाल. भाकरी तुरट होते, म्हणून पीठ उकड काढून मळा आणि निम्मी नाचणी घाला. 'न्देंगू' हिरवे मूग, 'म्बाझी' तूर, 'कुंदे' चवळी (तिची पानंही भाजीला), 'तेरेरे' माठ-राजगिऱ्याच्या जातीचा पाला. 'सागा' ही तर आपली तिळवण. कडू लागते म्हणून लोक दुधात शिजवतात.

उगाली करायला शिका, कारण पाहुण्यापुढे तीच येते. चार माणसांना एक लिटर पाणी, साधारण अर्धा किलो पांढरं मक्याचं पीठ. पाणी खळखळून उकळल्यावर आधी मूठभर पीठ टाकून पेज करा, मग उरलेलं थोडं थोडं घालत लाकडी उलथन्याने कडेला दाबत घोटा. आठ-दहा मिनिटं मंद आचेवर. गुठळ्या होतात त्या पाणी पुरतं उकळण्याआधी पीठ ओतल्याने. मीठ घालत नाहीत. उजव्या हाताने गोळा करून अंगठ्याने खळगा पाडायचा आणि भाजी उचलायची. भाकरी मोडणाऱ्या हाताला हे दोन दिवसांत जमतं.

मका ओलसर, बुरसट वासाचा असेल तर फुकट मिळाला तरी नको. त्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, शिजवून जात नाही.

थर्मामीटर

पाण्याचं जोडतो. किसुमूच्या उंचीवर खळखळ उकळी एक मिनिट पुरे. दोन हजार मीटरच्या वर गेलात तर तीन. पण नाकुरू-नैवाशाकडे, रिफ्ट खोऱ्यात बदली झाली तर लक्षात ठेवा, तिथल्या विहिरींत फ्लोराइड जास्त असतं आणि उकळल्याने ते कमी न होता आटून वाढतं. मुलीचे पक्के दात आत्ता घडत आहेत. तिथे पावसाचं पाणी साठवा. पन्हाळीचं पहिल्या पंधरा मिनिटांचं पाणी सोडून द्या, छपरावरची घाण त्यात येते.

व्हिक्टोरिया सरोवरात पाय बुडवायचे नाहीत. बिलहार्झिया या रोगाच्या, परजीवी कृमीच्या अळ्या त्वचेतूनच शिरतात. बाप्तिस्म्यासाठी सरोवरात उतरावं लागलं तर उतरा, पण लगेच टॉवेलने खसाखसा पुसा आणि दीड-दोन महिन्यांनी तपासणी करून घ्या. औषध आहे, प्राझिक्वांटेल.

अनवाणी अंगणात नाही, 'फुंझा' नावाची पिसू नखाशेजारी घुसते. पावसानंतर दिव्याभोवती लाल-काळा, मुंगीसारखा लांबट किडा येईल, नैरोबी फ्लाय. अंगावर चिरडू नका, फुंकर मारून उडवा. चिरडला तर त्याच्या रसाने भाजल्यासारखे फोड येतात. लगेच साबणाने धुवा, आणि तो हात डोळ्याला लावू नका.

तिसरा_तास

वेळ. यावर नवे लोक हटकून आपटतात. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. 'सा मोजा' म्हणजे एक वाजला असं नाही, सकाळचे सात. 'सा टाटू' म्हणजे नऊ. घड्याळात जे दिसतं त्यातून सहा वजा. बायबलमध्ये पेत्र पन्नासाव्या दिवशी 'तिसरा तास' म्हणतो तेव्हा सकाळचे नऊच असतात, तोच हिशेब. इंग्रजीत बोलताना मात्र तीच माणसं नेहमीची वेळ सांगतात. म्हणून सभा ठरवताना वेळ दोन्ही पद्धतींनी म्हणून घ्या.

भाषा. नात्यांच्या शब्दांनी मराठी माणसाची भंबेरी उडते : 'बाबा' म्हणजे बाबाच, पण 'मामा' म्हणजे आई, 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ! तुमच्या पत्नीला मंडळीत 'दादा' म्हणतील, हसू आवरा. बाईला बहुधा मोठ्या मुलाच्या नावाने हाक मारतात, 'मामा अमुक'. त्यामुळे मुलीचं नाव सगळ्यांना आधी पाठ होईल. पाळकाला 'म्चुंगाजी', शब्दशः मेंढपाळ. चपाती, चाय, दानिया, दुका, पेसा, गारी, लाकी हे ओळखीचे भेटतील.

व्याकरणात घाबरवतात ते नामांचे वर्ग. 'म्टोटो म्झुरी' चांगलं मूल, 'वाटोटो वाझुरी' चांगली मुलं; 'किटाबू किझुरी' चांगलं पुस्तक, 'विटाबू विझुरी' चांगली पुस्तकं. विशेषण नामाच्या मागे फरफटत जातं. मोठा-मोठी-मोठं म्हणणाऱ्या जिभेला ही सवय आहेच, इंग्रजांना नाही. फक्त बदल शब्दाच्या शेपटीत न होता डोक्यात होतो. 'तो' आणि 'ती' दोन्हींना 'येये', तिथे सुटका. जोर नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर.

पहिले तीन-चार महिने रोज चार तास भाषा, बाकी काही नाही. टांझानियात मुसोमाजवळ माकोको इथे मिशनऱ्यांसाठी जुनी भाषाशाळा आहे. यजमान पाठवायला तयार असतील तर जा. पण किसुमूत घराघरांत लुओ बोलतात आणि तिचा स्वाहिलीशी संबंध नाही, ती नायलोटिक या वेगळ्या कुळातली भाषा. स्वाहिली बाजाराला, लुओ माजघराला. निदान 'ओयावोरे' (सुप्रभात) आणि 'एरोकामानो' (धन्यवाद) पहिल्या दिवसापासून.

शरणपूरकर

अवांतर आहे, पण जाणाऱ्याला माहीत असावं. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकच्या शरणपूरला ठेवून शिकवलं होतं. त्यांतले बरेच पुढे मोंबासाला परतले आणि १८७५ च्या सुमारास वसलेल्या फ्रीअर टाउन या वस्तीत राहिले. ती वसवणारे प्राइससाहेब आधी शरणपूरचेच, आणि नाव मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं. या लोकांना तिथे 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन याचं शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांतला जेकब वेनराइट नाशिकचाच विद्यार्थी. म्हणजे महाराष्ट्रातून केनियात जाणारे तुम्ही पहिले नव्हेत, दीडशे वर्षं उशिरा आहात.

उंबरठा

शरणपूरकरांनी छान सांगितलं. पण किसुमूच्या बाजारात हे कोणाला ठाऊक नसेल. तिथे तुम्ही 'मुहिंदी', म्हणजे भारतीय. आणि मुहिंदी म्हणजे दुकानदार, कारखानदार, मालक. २०१७ मध्ये सरकारने केनियातल्या भारतीयांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली, तरी मनातलं अंतर आहे. लोक तीन गोष्टी गृहीत धरतील : तुम्ही श्रीमंत, तुम्ही हिंदू, आणि तुम्ही आमच्या घरी जेवणार नाही. पहिल्या दोन बोलून खोडता येतात, तिसरी फक्त जेवूनच. वाढलेलं थोडं घ्या, पण नाकारू नका. मांसाहार करत नसाल तर निमंत्रण स्वीकारतानाच सांगा, ताटावर बसून नाही. कोंबडी खास तुमच्यासाठी कापलेली असते.

कोणाच्या घरी रिकाम्या हाताने नाही : दोन किलो साखर किंवा उगालीचं पीठ, चहापत्ती. दाराशी 'होडी' म्हणायचं, 'कारिबू' आलं की आत. वडीलधाऱ्यांशी हात मिळवताना डावा हात उजव्या कोपराखाली.

आणखी एक. केनियात २०१९ च्या जनगणनेनुसार सुमारे ८५ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. तुमची मंडळी इथे दोनशे जणांची असेल, तिथली दोन हजारांची. पहिल्याच रविवारी उभं करून ओळख करून द्यायला सांगतील : 'ब्वाना असिफिवे' म्हणा (कॅथलिक मंडळीत 'तुम्सिफू येसू क्रिस्टो'), घरच्या मंडळीचा सलाम सांगा आणि दोन मिनिटांत बसा. पहिलं वर्षभर प्रवचनाला नाही म्हणायला शिका. दुभाष्यामार्फत दिलेलं नवख्याचं प्रवचन लोक नम्रपणे ऐकून घेतात, एवढंच.

टाचणी

पैशांचं राहिलं. रोख फार बाळगू नका, सगळं एम-पेसावर (मोबाइलवरून पैसे देण्याची सेवा) चालतं. सिम पासपोर्टवर मिळतं. 'पेबिल'ला संस्थेचा नंबर आणि खाते क्रमांक असे दोन आकडे लागतात, 'बाय गुड्स'ला फक्त टिल नंबर, म्हणजे दुकानाचा नंबर. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर येणारं नाव वाचा. चुकून गेले तर तो संदेश लगेच ४५६ वर फॉरवर्ड करा. 'चुकून तुमच्याकडे आले, परत पाठवा' असा मेसेज साध्या नंबरवरून आला तर आधी शिल्लक पाहा.

मागणी रोज होईल : शाळेची फी, दवाखाना, मयत. केनियात 'हरांबे' म्हणजे मिळून वर्गणी काढणं ही जुनी रीत आहे, त्यात भीक मागण्याचा भाव नाही. तरी महिन्याची एक रक्कम आधीच ठरवा, आणि मंडळीच्या समितीमार्फत द्या. फी असेल तर थेट शाळेच्या पेबिलवर.

उंबरठा

समितीमार्फतच, याच्याशी पूर्ण सहमत नाही. शेजारच्या घरी मयत झाली आणि तुम्ही 'समितीकडे जा' म्हणालात तर तो अपमान आहे. हरांबेत शेजाऱ्याइतकंच द्या, पण स्वतः जाऊन, बसून द्या. समिती मोठ्या रकमांसाठी. आणि उसने कधीच नाही. परत न आलेल्या उसन्याने माणूस चर्चमध्ये यायचा थांबतो, तोंड चुकवायला.

टाचणी

मान्य. मोठ्या रकमांपुरतं म्हणते मी.

नगरी_जोडपं

सर्वांचे मनापासून आभार, प्रिंट काढून ठेवतोय. दोन बारके प्रश्न : मुलीची शाळा? आणि स्वेटर न्यायचे का?

सायंतारा

शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं, तीन सत्रांचं. जूनमध्ये सुरू झालेलं इथलं वर्ष अर्ध्यावर तुटेल, म्हणून आत्ताच्या शाळेकडून दाखला आणि सहामाहीचं प्रगतिपुस्तक इंग्रजीत घ्या. मराठी वाचन घरी रोज वीस मिनिटं. घरच्यांना फोनची वेळ ठरवून टाका : केनिया अडीच तास मागे आहे, तिकडचे साडेपाच म्हणजे इथे रात्रीचे आठ.

खिळेमोळे

किसुमूत पातळ एखादा पुरे. पण नैरोबीला परमिटसाठी जुलैत खेप पडली तर जाड हवा, तिथे रात्री दहा अंशांपर्यंत उतरतं. विषुववृत्त वाचून लोक फक्त सुती कपडे भरतात. आणि हो, मुलीच्या पलंगाची मापं यजमानांकडून मागवून घ्या. मच्छरदाणी त्यावरून ठरते.